लूथरची लहान प्रश्नोत्तरी

युरोपांतील धर्मसुधारणेचा इतिहास सांगणारे बहुतेक ग्रंथकार दोन प्रसंगांवर विशेष रेंगाळतात. १५१७ च्या ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशीं मार्टिन लूथरनें पापक्षमापत्रांविरुद्ध पंचाण्णव प्रमेयें मांडलीं, हा एक. आणि १५२१ सालीं वर्म्स येथें बादशहाच्या समक्ष आपलें लेखन मागें घेण्याचें त्यानें नाकारलें, हा दुसरा. दोन्ही प्रसंग मोठे आहेत आणि त्यांचीं वर्णनें वाचतांना कोणाचेंहि मन उचंबळून येतें. परंतु वादांत जिंकलेला विचार घरांत येऊन नांदतोच असें नाहीं. धर्मसुधारणेनें पोपच्या सत्तेचें काय केलें हें सर्वांस ठाऊक आहे. तिनें सॅक्सनीच्या एखाद्या खेड्यांतल्या शेतकऱ्याच्या सकाळसंध्याकाळचें काय केलें, हा प्रश्न त्या मानानें थोड्यांनीं विचारला. तो विचारावयाचा तर १५२९ सालीं निघालेलें एक लहानसें पुस्तक हातीं घ्यावें लागतें. तें म्हणजे लूथरची ‘लहान प्रश्नोत्तरी’. ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या व्यवहारांत कशी वाढते, आणि शास्त्र व सिद्धान्त यांच्या शिक्षणानें ती वाढवितां येते कीं काय, याचा इतका मोठा व इतका दीर्घ प्रयोग दुसरा क्वचितच झाला असेल. म्हणून त्या प्रयोगाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून असतां लूथरनें नव्या कराराचें जर्मन भाषांतर अवघ्या कांहीं आठवड्यांत केलें, व तें १५२२ च्या सप्टेंबरांत विटेनबर्ग येथें छापून निघालें. डिसेंबरांतच दुसरी आवृत्ति काढावी लागली. देवाचें वचन लोकांच्या भाषेंत लोकांच्या हातीं पडलें आहे, आतां तें आपलें काम आपण करील, असा त्या वेळीं लूथरचा भरंवसा होता. पुढें १५२४-२५ चें शेतकऱ्यांचें बंड झालें. त्यांत हजारों लोक मारले गेले, आणि त्या बंडाविषयीं स्वतः लूथरनें जें कठोर लिहिलें त्याचा डाग त्याच्या नांवावरून अद्यापि गेलेला नाहीं. इकडे जुनी व्यवस्था मोडली होती. बिशपांचा अधिकार उठला होता, मठ ओस पडूं लागले होते, आणि चर्चच्या उत्पन्नावर अनेकांचा डोळा होता. तेव्हां सॅक्सनीचा इलेक्टर योहान याच्या आज्ञेनें गांवोगांव फिरून चर्चें, पाळक व शाळा यांची तपासणी करण्याचें ठरलें. तपासनिसांसाठीं मेलांख्थननें तयार केलेली सूचनांची पुस्तिका लूथरच्या प्रस्तावनेसह १५२८ सालीं निघाली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत लूथर स्वतः तपासनीस म्हणून बाहेर पडला.

खेड्यांत त्याला जें दिसलें त्यानें तो हादरून गेला. प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेंत त्यानें त्याचें जें वर्णन केलें आहे त्यांत संताप आहे तितकीच लाजहि आहे. लोकांना प्रभूची प्रार्थना येत नाहीं, विश्वासांगीकार येत नाहीं, दहा आज्ञा येत नाहींत. आणि पुष्कळ पाळकांना त्या शिकवितांहि येत नाहींत. पोपच्या जाचांतून सुटका झाली याचा अर्थ लोकांनीं एवढाच घेतला होता कीं आतां कांहींच करावयास नको. दोष तो सर्वांत आधीं बिशपांच्या पदरीं घालतो. पण वाचणाऱ्याच्या लक्षांत येतें कीं हा आघात त्याच्या स्वतःच्या एका आशेवरहि झाला होता. नवा करार छापून सहा वर्षें लोटलीं होतीं. ज्यांच्यासाठीं तो जर्मन भाषेंत आणला त्यांतल्या बहुतेकांना वाचतां येत नव्हतें; ज्यांना येत होतें त्यांना एवढ्या मोठ्या ग्रंथांत कोणत्या दारानें शिरावें हें कोणी दाखविलें नव्हतें. ग्रंथ छापून होणें आणि ग्रंथ घरांत वापरांत येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. रेशमी रुमालांत बांधून ठेवलेल्या पोथ्या ज्यांनीं लहानपणीं पाहिल्या आहेत त्यांना हें वेगळें समजावून सांगावयास नको.

१५२८ या एकाच वर्षांत लूथरनें विटेनबर्गच्या व्यासपीठावरून याच विषयावर तीन वेळां प्रवचनमाला चालविली. १५२९ च्या जानेवारीपासून भिंतीवर लावावयाचे छापील तक्ते निघूं लागले. एप्रिलांत पाळकांसाठीं व जाणत्यांसाठीं ‘मोठी प्रश्नोत्तरी’ प्रसिद्ध झाली, आणि मे महिन्यांत तक्त्यांतला मजकूर एकत्र करून ‘लहान’ पुस्तक निघालें. त्या वेळीं त्याच्या स्वतःच्या घरांत काय चाललें होतें हेंहि सांगितलें पाहिजे. थोरला मुलगा हान्स तीन वर्षांचाहि पुरता झाला नव्हता; एलिझाबेथ ही मुलगी जेमतेम आठ महिन्यांची होऊन १५२८ च्या ऑगस्टांत वारली होती; आणि १५२९ च्या मे महिन्यांतच माग्दालेना जन्मली. पुस्तकाच्या भागांवर जे मथळे आहेत त्यांत शिकविणारा म्हणून पाळकाचें नांव नाहीं, घरांतल्या कर्त्या माणसाचें आहे. घर म्हणजे त्या काळीं केवळ आईबाप व लेकरें नव्हत. गडी, मोलकरणी, उमेदवार कारागीर हे सर्व एकाच छपराखालीं जेवत. लूथरला अभिप्रेत असलेली शाळा ही होती.

पुस्तकांतील मूळ सामग्री जुनीच आहे. दहा आज्ञा, विश्वासांगीकार व प्रभूची प्रार्थना हीं तीन प्रकरणें मध्ययुगांतहि लोकांना शिकविलीं जात. लूथरनें त्यांना बाप्तिस्मा, पापाचा अंगीकार व प्रभुभोजन यांवरील भाग जोडले. परंतु क्रमाचा त्यानें बारकाईनें विचार केला होता, व तो १५२० सालच्या एका छोट्या लेखांत सांगूनहि ठेवला होता. रोग्याला प्रथम आपणांस काय झालें आहे हें कळावें लागतें, मग औषध कोठें आहे हें कळावें लागतें, आणि मग तें मागून आणावें लागतें. आज्ञा पहिलें काम करतात, विश्वासांगीकार दुसरें, प्रार्थना तिसरें. ईश्वरज्ञानशास्त्र हा शब्द ऐकला कीं सामान्य वाचक बिचकतो. पण ज्या सिद्धान्तासाठीं विद्यापीठें भांडलीं व राज्यें दुभंगलीं तो मनुष्याच्या नीतिमान् ठरविल्या जाण्याचा सिद्धान्त येथें केवळ तीन प्रकरणांच्या क्रमांत बसविलेला आहे. त्याचें पारिभाषिक नांव या पुस्तकांत एकदांहि येत नाहीं. माणसाला चांगलें व्हावयास सांगून तो चांगला होत नाहीं, त्याला अगोदर कांहींतरी मिळावें लागतें, एवढें गुराख्याच्या पोरालाहि कळेल अशा रीतीनें सांगितलें आहे. शास्त्रीय सिद्धान्त पातळ न करतां सोपा करणें हें किती कठिण काम आहे हें ज्यांनीं तें करून पाहिलें आहे त्यांनाच ठाऊक.

विश्वासांगीकाराचे परंपरेनें बारा भाग पाडीत, कारण बारा प्रेषितांनीं एकेक वाक्य सांगितलें अशी आख्यायिका होती. लूथरनें त्याचे तीनच भाग केले: पिता, पुत्र व पवित्र आत्मा. पहिल्या भागांत आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाविषयीं बोलावयाचें असतें. येथें एखाद्या पंडितानें सृष्ट्युत्पत्तीचें प्रकरण उघडलें असतें. लूथर तेथें शिकणाऱ्याच्या तोंडीं ‘मी’ हा शब्द घालतो. देवानें मला निर्माण केलें. माझे डोळे, कान, बुद्धि त्यानें दिली. आणि मग अंगावरचे कपडे, पायांतले जोडे, घर, शेत, गुरेंढोरें. तसेंच प्रार्थनेंतील रोजच्या भाकरीचें. भाकरी या एका शब्दाखालीं तो जी यादी देतो तींत अन्नवस्त्राबरोबर चांगली हवा, शांतता, आरोग्य, चांगलें सरकार, विश्वासू मित्र व सज्जन शेजारी हे सर्व येतात. चांगला शेजारी ही भाकरीइतकी गरजेची वस्तु आहे, हें वाड्यांत किंवा चाळींत राहिलेल्या आमच्या वाचकांस तत्काळ पटेल.

आज्ञांचें विवरणहि असेंच आहे. प्रत्येक आज्ञेच्या विवरणाचा आरंभ देवाचें भय व देवाची प्रीति यांच्या उल्लेखानें होतो, आणि प्रत्येक निषेधाच्या पोटांतून एक कर्तव्य काढून दाखविलें जातें. खून करूं नको, म्हणजे शेजाऱ्याच्या शरीरास अपाय करूं नको एवढेंच नव्हे, तर त्याच्या प्रत्येक शारीरिक अडचणींत त्याला मदत कर. खोटी साक्ष देऊं नको, म्हणजे त्याच्यावर आळ घेऊं नको इतकेंच नव्हे, तर त्याच्याबद्दल चांगलें बोल, आणि त्याच्या वागण्याचा जितका चांगला अर्थ लावतां येईल तितका लाव. पारावर संध्याकाळीं बसणाऱ्या मंडळींना याहून अवघड आज्ञा आम्हांस तरी सुचत नाहीं. शास्त्रवचन रोजच्या आयुष्यांत उतरतें तें अशा ठिकाणीं. खून न करणारे पुष्कळ. पण चारचौघांत दुसऱ्याच्या वर्तनाचा बरा अर्थ लावून दाखविणारा हुडकावा लागतो.

हें सर्व विवरण एका प्रश्नावर टांगलेलें आहे. आज्ञा म्हणून झाली, विश्वासांगीकाराचा एक भाग म्हणून झाला, कीं प्रश्न येतो: ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न पुस्तकभर पुन्हां पुन्हां येतो. मात्र तो कोणी विचारावयाचा हें पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. बापानें मुलास विचारावा, कीं मुलानें बापास? आपल्याकडील उपनिषदांत व पुराणांत जो संवाद असतो त्यांत बहुधा शिष्य विचारतो व गुरु सांगतो. नचिकेताच पुढें होऊन यमाला विचारतो. युरोपांतील प्रश्नोत्तरींची रूढ रीत उलट होती. गुरु विचारी व शिष्य पाठ केलेलें म्हणून दाखवी. लूथरचें पुस्तक दोन्ही रीतींनीं वाचतां येतें, आणि आमच्या मतें त्या पुस्तकाचा पुढला सारा इतिहास या एका संदिग्धतेंत सांठविलेला आहे. हा प्रश्न जोंपर्यंत पोराच्या तोंडीं होता तोंपर्यंत पुस्तक जिवंत होतें. तो तपासनिसाच्या तोंडीं गेला कीं त्याची परीक्षा झाली.

लूथरला स्वतःला ही भीति नव्हती असें नाहीं. १५२६ सालीं जर्मन भाषेंतील उपासनेची पद्धति त्यानें प्रसिद्ध केली, तिच्या प्रस्तावनेंत घरांत मुलांना कसें शिकवावें याचें एक मनोरम चित्र आहे. मुलानें मनांत दोन पिशव्या कराव्यात, एक विश्वासाची व एक प्रीतीची, आणि प्रत्येकींत दोन दोन कप्पे. प्रवचनांत ऐकलेलें किंवा घरीं वाचलेलें एखादें शास्त्रवचन आणून नाण्यासारखें ज्या त्या कप्प्यांत टाकावें. जेवतांना आईबापांनीं विचारावें, आज काय मिळविलें? हा पोरखेळ आहे असें कोणा शहाण्याला वाटेल हें ओळखून लूथर तेथेंच सांगतो कीं मुलांना वाढवावयाचें तर आपण मुलांत मूल झालें पाहिजे. या खेळांत एक गोष्ट सहज सुटून जाण्यासारखी आहे. वचन कोणत्या पिशवींत टाकावयाचें हें मुलानें ठरवावयाचें आहे. म्हणजे पाठांतराबरोबर निवडहि आली.

पुस्तकाच्या शेवटीं सकाळची, रात्रीची व जेवणाच्या वेळची प्रार्थना आहे. सकाळीं उठून क्रूसाची खूण करावी, विश्वासांगीकार व प्रभूची प्रार्थना म्हणावी, वाटल्यास आणखी एक छोटी प्रार्थना म्हणावी, आणि गाणें गात आनंदानें कामास लागावें. रात्रीं तसेंच करून लगेच व निश्चिंत मनानें झोपी जावें. मठांतील दिवसरात्रींच्या सात-आठ उपासनांच्या जागीं हीं दोन क्षणांचीं कर्में आलीं. संन्याशाचें व्रत मोडून संसारांत पडलेल्या माणसानें लिहिलेला हा नित्यनेम आहे, आणि म्हणूनच त्यांत झोपेचीहि सोय पाहिली आहे. वारकऱ्याच्या घरीं दिवेलागणीला हरिपाठ होतो, तो ज्यांनीं ऐकला आहे त्यांना थोड्या शब्दांच्या नित्य आवृत्तीनें घराला काय येतें हें ठाऊक आहे.

इतकें झाल्यावर एक कडू गोष्टहि सांगितली पाहिजे. श्रद्धा कोणावर लादतां येत नाहीं, हें लूथर याच प्रस्तावनेंत मान्य करतो. पण जे शिकावयास तयार नसतील त्यांना प्रभुभोजनास घेऊं नये, आईबापांनीं व धन्यांनीं त्यांना अन्नपाणी देऊं नये, आणि राजा अशा दांडग्यांस देशांतून घालवून देईल असें त्यांना बजवावें, असेंहि तेथेंच लिहितो. विश्वास मोकळा, पण विश्वासाचे शब्द सक्तीचे! राज्यांत राहावयाचें तर राज्याचा कायदा माहीत पाहिजे, अशी त्याची उपपत्ति आहे. आम्हांस ती पटत नाहीं. ज्या भाकरीच्या व्याख्येंत सज्जन शेजाऱ्यापर्यंत सर्व कांहीं सामावलें, तीच भाकरी पाठ न करणाऱ्या गड्याच्या पुढून काढून घेण्यास सांगणें, ही विसंगति त्या काळाची म्हणून सोडून देतां येत नाहीं. कारण पुढें जें झालें त्याचें बीज येथेंच आहे.

त्याच लेखकानें पुढच्याच वर्षीं, १५३० सालीं, मोठ्या प्रश्नोत्तरीला जोडलेल्या नव्या प्रस्तावनेंत अगदीं वेगळा सूर काढला. हें आम्हांस एकदां वाचूनच आलें असें म्हणून पुस्तक कोपऱ्यांत टाकणाऱ्या पाळकांवर तो तेथें तुटून पडतो, आणि आपली गोष्ट सांगतो. आपण शास्त्री आहों, उपदेशक आहों; तरी रोज सकाळीं व सवड मिळेल तेव्हां लहान मुलाप्रमाणें आज्ञा, विश्वासांगीकार, प्रार्थना व स्तोत्रें शब्दशः म्हणतों, आणि अजून पुरें जमलेलें नाहीं. विटेनबर्गच्या विद्यापीठांत शास्त्र शिकविणाऱ्या, बायबलाचें भाषांतर करीत असलेल्या माणसाचें हें बोलणें आहे. संपूर्ण बायबल त्यानें १५३४ सालीं छापून पुरें केलें. श्रद्धेची वाढ म्हणजे प्राथमिक पाठ संपवून वरच्या इयत्तेंत जाणें नव्हे, त्याच पाठांत खोल जाणें होय, ही त्याची समजूत होती. आमच्या मतें पुस्तकाचें खरें मर्म सक्तीच्या त्या वाक्यांपेक्षां या ठिकाणीं आहे.

पुस्तकाचा प्रसार विलक्षण झाला. त्याच वर्षीं तें लॅटिनमध्यें व उत्तरेकडील बोलींत गेलें. इतरांनींहि हेंच हत्यार उचललें: कॅल्व्हिननें जिनीव्हांत, कॅनिसियसनें १५५५ पासून रोमन कॅथॉलिकांसाठीं, १५६३ सालीं हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी निघाली, तिचे १२९ प्रश्न वर्षाच्या ५२ रविवारांत वांटलेले होते, १५६६ सालीं ट्रेंटच्या परिषदेनंतर रोमची निघाली, १६४७ सालीं इंग्लंडांत वेस्टमिन्स्टर येथें १०७ प्रश्नांची तयार झाली. सोळाव्या शतकांतल्या युरोपांत एकमेकांचे कट्टर शत्रु असलेले पंथ निदान या एका गोष्टींत एकमेकांचे विद्यार्थी होते.

मग लोकांच्या आयुष्यांत काय फरक पडला? जेराल्ड स्ट्रॉस या अमेरिकन इतिहासकारानें १९७८ सालीं या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तपासनिसांचीं जीं दप्तरें जर्मनींत टिकून आहेत तीं त्यानें बारकाईनें वाचलीं, आणि निष्कर्ष काढला कीं पन्नास-पाऊणशें वर्षांच्या शिकवणीनंतरहि धर्मसुधारणा सामान्य लोकांना आपलेंसें करूं शकली नव्हती. मुलें शब्द म्हणत, अर्थ सांगूं शकत नसत. मोठीं माणसें प्रश्नोत्तरीच्या प्रवचनास येत नसत. दुखण्याखुपण्याला मंत्रतंत्र चालूच होते. या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. जेम्स किटलसन यानें स्ट्रासबुर्गकडील कागद काढून तेथील चित्र इतकें निराशेचें नाहीं असें दाखविलें.

आम्हांस स्ट्रॉसचा पुरावा भक्कम वाटतो, पण तो कशाचा पुरावा आहे हा प्रश्न उरतोच. अधिकाऱ्यापुढें उभा राहिलेला शेतकरी मुका होतो, म्हणून त्याला कांहीं येत नाहीं, असें मामलेदाराच्या कचेरींत एकदां जाऊन आलेला कोणीहि म्हणणार नाहीं. दप्तरांत चुका लिहिल्या जातात; रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं पोरांना जवळ घेऊन कोणी आई प्रभूची प्रार्थना म्हणाली, तर तिची नोंद कोणता कारकून करणार? तथापि एवढ्यावरून स्ट्रॉसला निरुत्तर केलें असें समजणें भोळेपणाचें होईल. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न खरोखरच घरांतून निघून कचेरींत गेला होता. लग्न लावावयाचें, प्रभुभोजनास यावयाचें, तर आधीं पाठ म्हणून दाखवा, असें अनेक ठिकाणीं झालें. उत्तर चुकलें तर शिक्षा, मग उत्तराचा विचार कोण करणार? सिद्धान्त शुद्ध राहिला. तो कोणाच्या उपयोगाचा राहिला नाहीं. त्यांतच १६१८ ते १६४८ चें तीस वर्षांचें युद्ध आलें आणि गांवेंच्या गांवें उजाड झालीं.

या कोंडींतून वाट काढण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत फिलिप याकोब स्पेनर हा प्रमुख होय. फ्रांकफुर्ट येथें पाळकांचा प्रमुख असतां १६७० पासून त्यानें आपल्या घरीं मंडळी जमविण्यास आरंभ केला. प्रथम भक्तिपर पुस्तकें व पुढें बायबल वाचावयाचें, आणि जमलेल्यांनीं त्यावर प्रश्न विचारावयाचे, बोलावयाचें. पाळकाखेरीज इतरांनीं शास्त्रावर बोलणें ही त्या काळीं मोठीच गोष्ट होती. स्त्रियांना मात्र ऐकण्याचीच मुभा होती. १६७५ सालीं त्यानें ‘पिया देसिदेरिया’ हें पुस्तक लिहून सुधारणेच्या सूचना केल्या. त्यांतली पहिलीच अशी कीं रविवारच्या ठराविक उताऱ्यांवर न थांबतां सबंध बायबल लोकांच्या वाचनांत आलें पाहिजे, आणि दुसरी एक अशी कीं ख्रिस्ती धर्मांत ज्ञान पुरेसें नाहीं, आचरण हवें. स्पेनरनें प्रश्नोत्तरी टाकली नाहीं. उलट लूथरच्या लहान पुस्तकावर त्यानें १६७७ सालीं विवरण लिहिलें. त्यांत प्रश्नांची संख्या बाराशेंच्या वर गेली! विवरणकारांचा हा रोग सर्व देशांत सारखाच दिसतो. मूळ ग्रंथ मुठींत मावणारा असतो, टीका गाड्यावर घालून न्यावी लागते. परंतु त्याच्या घरच्या त्या बैठकींनीं प्रश्न पुन्हां शिकणाऱ्याच्या तोंडीं आणला, हें श्रेय त्याचेंच आहे.

या शिकवणीनें एखाद्या घरांत काय पिकलें याचा एक पुरावा अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडला. योहान सेबास्टियन बाख हा संगीतकार म्हणून जगास ठाऊक आहे. लाइप्त्सिगची नोकरी मिळण्यापूर्वीं १७२३ सालीं त्याला धर्मसिद्धान्ताची परीक्षा द्यावी लागली होती. १७३९ सालीं त्यानें ऑर्गनसाठीं जो संग्रह प्रसिद्ध केला त्यांत आज्ञा, विश्वासांगीकार, प्रार्थना, बाप्तिस्मा, पश्चात्ताप व प्रभुभोजन या प्रश्नोत्तरीच्या क्रमानें लूथरचीं गीतें घेतलीं आहेत, आणि प्रत्येकाची एक मोठी व एक लहान रचना केली आहे. मोठी व लहान प्रश्नोत्तरी येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. पण हें झालें व्यवसायाचें. १९३४ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत एका घरीं बाखच्या मालकीचें तीन खंडांचें बायबल आढळलें. आब्राहाम कालोव्ह या पंडितानें लूथरच्या भाषांतराला विवरण जोडून तें काढलेलें होतें, व त्यावर बाखची सही व १७३३ हें साल आहे. तें आतां सेंट लुई येथील एका ख्रिस्ती धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयांत आहे. त्यांत बाखनें ठिकठिकाणीं रेघा ओढल्या आहेत, समासांत टिपा लिहिल्या आहेत, आणि छापतांना गळलेले शब्द आपल्या हातानें भरले आहेत. मंदिरांतल्या गायकवादकांचा उल्लेख आला तेथें भक्तीनें केलेल्या संगीतांत ईश्वराची कृपा हजर असते, अशा अर्थाची टीप त्यानें लिहिली आहे. तीं पानें वाचणाऱ्याला कोणी परीक्षा विचारणार नव्हता. वीस मुलांचा बाप, शाळेचा शिक्षक, अधिकाऱ्यांशीं सदा तंटा चाललेला, असा हा गृहस्थ छापखान्यानें गाळलेला शब्द देखील सोडीत नाहीं. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न येथें बापाचाहि नाहीं, तपासनिसाचाहि नाहीं. वाचणारा तो स्वतःला विचारतो आहे.

स्पेनरच्या शिष्यपरंपरेंतील आउगुस्त हेरमान फ्रांके यानें १६९५ पासून हाल्ले येथें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा व अनाथगृह काढलें. तेथेंच १७१० सालीं फोन कान्श्टाइन यानें स्वस्त बायबलें छापण्याची संस्था स्थापिली, आणि बायबलें लाखांनीं घरोघर गेलीं. या हाल्लेच्या वातावरणांतून बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग हा तरुण डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें ९ जुलै १७०६ रोजीं कोरोमांडल किनाऱ्यावरील तरंगमबाडीस उतरला. प्रश्नोत्तरी या देशास नवी नव्हती. कोल्लम येथें १५७८ सालीं तमिळ लिपींत छापलेलें ‘तंबिरान वणक्कम’ ही ख्रिस्ती सिद्धान्ताची पुस्तिकाच होती, आणि आपल्या किनाऱ्यावर फादर थॉमस स्टीफन्स यांची कोंकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथें छापली गेली होती. झीगेनबाल्गनें लूथरची लहान प्रश्नोत्तरी तमिळमध्यें आणली व १७१५ सालीं तमिळ नवा करार छापून पुरा केला. पण त्याआधीं त्यानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. गांवच्या पंतोजीला त्यानें आपल्या घरीं शाळा भरविण्यास सांगितलें, आणि पोरांच्या रांगेंत मांडी घालून वाळूंत बोटानें अक्षरें गिरविलीं. शिकवावयास आलेला माणूस प्रथम विचारणारा झाला. त्यानें १७१३ सालीं दक्षिणेंतील देवदेवतांवर ग्रंथ लिहून हाल्लेस पाठविला, तेव्हां फ्रांकेला तो आवडला नाहीं. मूर्तिपूजा नाहींशी करावयास पाठविलेल्यांनीं तिची माहिती युरोपांत पसरवूं नये, असें त्याचें म्हणणें पडलें. तो ग्रंथ छापून निघावयास १८६७ साल उजाडलें. प्रश्न विचारण्याची मोकळीक कोणाला व किती, याचें उत्तर हाल्लेलाहि सोपें गेलें नाहीं.

याच परंपरेंतला क्रिस्तियान फ्रीद्रिख श्वार्त्स १७५० सालीं तरंगमबाडीस आला व पुढें तंजावरास राहिला. दरबारांत बोलतां यावें म्हणून तो मराठी शिकला. तुळजाराजानें १७८७ सालीं मरणापूर्वीं आपला दत्तक पुत्र सर्फोजी याचा सांभाळ करण्याचें त्याला सांगितलें, आणि अमरसिंगाच्या कारकीर्दींत त्या मुलाच्या जिवास व शिक्षणास श्वार्त्सनें जपलें. १७९८ च्या फेब्रुवारींत श्वार्त्स वारला. त्याच वर्षीं सर्फोजी गादीवर बसला. सर्फोजी ख्रिस्ती झाला नाहीं, आणि त्यामुळें दोघांच्या स्नेहांत अंतर पडलें असें दिसत नाहीं. १८०३ सालीं बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठींत कोरविणारा राजा तोच. आणि लंडनचा शिल्पी जॉन फ्लॅक्समन याच्याकडून आपल्या गुरूचें संगमरवरी स्मारक करवून घेणाराहि तोच. तें स्मारक तंजावरच्या किल्ल्यांतील चर्चमध्यें आहे. मरणशय्येवर पडलेल्या श्वार्त्सचा हात सर्फोजीनें धरला आहे, आणि अंथरुणाच्या बाजूला शाळेंतलीं मुलें उभीं आहेत.